सात मीटर

दर जानेवारीत, हरमटानची धूळ
फळ्यावर खडूच्या आधी येऊन बसते तेव्हा
हेडमास्तर मला गाठतात:
आग्बेको, तुझ्या पोरांना जरा सांग,
भूगोल शिकून पुढं काय.

फिजिक्सवाला त्या दिवशी इंजिनीअर आणतो, टाय लावलेला.
बायॉलॉजीवाली नर्स आणते.
मी नकाशा आणतो, सुरळी करून करून
फाटलेला, नेमका आपल्याच गावापाशी.

मग मी गेलेल्या पोरांची नावं घेतो.

एलीकेम आक्रात, थंड खोलीत बसून
मोबाईलचे मनोरे कुठं उभे करायचे ते ठरवतो.
त्याच्या आईच्या अंगणात अजून रेंज नाही.
मावुली जनगणनेला होती, होडीनं बेटाबेटावर.
मोजलेल्या दारावर आकडा लिहायची.
एक बाई म्हणाली, बुडालेले दोघं पण धर ना, माझेच आहेत.
त्यांच्यासाठी रकाना नव्हता.
सेलोर्म कोर्टात जुने नकाशे उलगडतो,
भाऊबंदकीतलं एक नारळाचं झाड
या बांधाचं की त्या, हे शपथेवर सांगतो.
यायरा रेडिओवर वारा सांगते,
कोळी तिला शिव्या घालतात
आणि होड्या वर ओढून ठेवतात.

कोजोविचं नाव मी घेत नाही. तो ट्रोट्रो चालवतो.
पण उतार म्हणजे काय
हे माझ्या वर्गात त्याच्याइतकं कुणाला कळलं नव्हतं.

पोरं लिहून घेतात.
मग पगार विचारतात.
मी खोकतो, धुळीचं निमित्त असतंच.

यंदा सित्सोफे आली, न बोलावता.
पांढरी जीप, तीन पायांचं यंत्र,
बादलीभर खुंट, टोकाला लाल रंग.
समुद्राला भिंत घालायची आहे, सर.
खुंटांच्या आतलं राहील.
बाहेरचं...
अपुरं उत्तर लिहू नये, हे मीच शिकवलं होतं तिला.

सकाळभर ती ठोकत आली.
छोट्या कांद्यांच्या वाफ्यांकडून, चर्चच्या कडेनं,
आफीच्या मासे धुरवायच्या चुलींमागून,
आणि बाराच्या सुमारास एक खुंट
माझ्या वर्गाच्या अलीकडं ठोकला.
अलीकडं म्हणजे रस्त्याच्या बाजूला.
मी, फळा, बेचाळीस बाकं
समुद्राच्या वाट्याला.

मधल्या सुट्टीत ती आत आली,
तिसऱ्या रांगेत बसली, गुडघे मावेनात.
सर, सात मीटरचा प्रश्न आहे.
कागदावर सरकवता येईल.

कुणाकडून आणशील सात मीटर?

तिनं बोट ठेवलं.
रेषा इथं पुढं घेतली तर
तिकडं मागं घ्यावी लागते, पैसा तेवढाच आहे.
बोटाखाली आफीच्या चुली होत्या.
आफीचा धूर रोज दोन वाजता वर्गात येतो,
पोरांना भूक लागते, माझा धडा तिथंच संपतो.

मी कागद तिच्याकडं परत सरकवला.
एवढंच केलं. फार मोठं काही नाही.
उलट रात्री वाटलं, निदान घासाघीस तरी करायची,
चार मीटर, तीन.

ती निघाली तेव्हा पोरं कुंपणाशी जमली होती.
त्यातल्या बारक्यानं, मेन्साच्या पोरानं, विचारलं,
मॅडम, हे काम मिळायला काय शिकावं लागतं?
तिनं माझ्याकडं पाहिलं नाही.
बादलीतला एक खुंट त्याच्या हातात दिला.
सरळ धर, म्हणाली. हलवू नकोस.
आणि हातोडा उचलला.

पोरानं डोळे मिटले,
खुंट सोडला नाही.