आवक क्रमांक एकशे सतरा

टेपचं एक टोक तलाठ्याच्या हातात होतं,
दुसरं माझ्या.
मी देवमन, ग्रामपंचायतीचा शिपाई.
ई-क्लासवरची अकरा घरं आम्ही दोन दिवसांत मोजली.
पऱ्हाटीचे कुड, शेणामातीचा गिलावा,
काहींवर कवेलू, काहींवर टिनं.
लांबी, रुंदी, दाठ्ठ्याचं तोंड कुठं,
सगळं माझ्या वहीत.
तिसऱ्या दिवशी जेसीबी आला.
त्याला वही लागली नाही.

मग ते सगळे बाजाराच्या ओट्यांवर.
मंगळवारी बाजार, म्हणून सोमवारी रात्री
भांडीकुंडी उचलून नाल्याकडे,
बुधवारी पुन्हा ओट्यावर,
वांग्याची देठं, कांद्याची फोलपटं झाडून
त्यावर अंथरूण.

पौषात गुलशनबी माझ्या दारात आली.
वाटलं, शिव्या देईल.
म्हणाली, "देवमनभाऊ, माह्या घराचं माप सांगा.
तुमच्याजवळ लिवलेलं असन."

एका फुटाला एक बोट, असं बायांनी ठरवलं.
मी ओट्याच्या पायरीवर बसून वाचत गेलो:
चौदा बाय अकरा.
बारा बाय नऊ, मागं न्हाणी.
त्या कापत गेल्या.

गावातूनही कापड आलं.
पोळ्याची जुनी झूल, शाळेची खाकी चड्डी,
अंगणवाडीचा पडदा.
पाटलिणीनं लुगडं दिलं, काठ उसवून ठेवून घेतला.
सरपंचांनी निवडणुकीचं बॅनर पाठवलं;
त्यातून सुई जाईना.

सकराबाईनं आपल्या घरात चूल लावली ती काळी.
लाल चिंधी होती, घेतली नाही.
"विझली न आता," म्हणाली.
शेवंताच्या सासूनं भांडण काढलं:
लिंबाचं झाड आमच्या हद्दीतलं,
तुमच्या तुकड्यावर कसं?
दोन दिवस धावदोरा थांबला.
शेवटी लिंब जोडावरच शिवला,
अर्धा इकडं, अर्धा तिकडं.

एसटीच्या थांब्यावर झोपणारी तुळसा
हे लांबून पाहत होती.
तिला कोणी उठवलं नव्हतं;
मोडायला तिचं काही नव्हतंच.
माझ्या वहीत ती नाही.
एका संध्याकाळी आली,
चप्पल काढली
आणि मधल्या कोऱ्या धोतरावर आडवी झाली.
"करा माहं बी माप."

कोणी हसलं नाही.
गुलशनबीनं कोळशानं तिच्याभोवती रेघ ओढली.
पाय पोटाशी घेतलेले, एक हात डोक्याखाली.
तिला बोटांचा हिशेब लागला नाही.
अकरा घरांच्या मधोमध
ती सगळ्यांत मोठी.

ग्रामसभेत ग्रामसेवकानं विचारलं,
राहत होते, याला पुरावा काय?
बायांनी गोधडी अंथरली.
खुर्च्या मागं सरकवाव्या लागल्या,
सदस्यांनी पाय वर घेतले.
साहेब बराच वेळ खाली पाहत राहिले,
मग म्हणाले, "हे फाइलला कसं लावायचं?"
आणि मला म्हणाले, "शिक्का मार."

आवक क्रमांक एकशे सतरा.
सुती कापडावर शाई पसरते.
शिक्का तुळसाच्या तळपायाजवळ पडला.

विषय पुढच्या सभेवर गेला,
गोधडी बाजाराच्या ओट्यावर.
चार पोरं मावतात तिच्याखाली.
सोमवारी रात्री ती भांड्यांच्या आधी उचलतात.
पहिल्याच धुण्यात शिक्का गेला असता,
म्हणून गुलशनबीनं त्यावरून निळा दोरा घातला,
आकडान् आकडा, तारखेसकट.

सपरी धरून माझं घर सोळा बाय बावीस.
कोणी मोजलेलं नाही, मलाच ठाऊक.
झोप येत नाही तेव्हा
मी अंगावर बोटं ठेवून पाहतो,
सोळा आडवी, बावीस उभी.
छातीपासून बेंबीच्या खालपर्यंत
बरोबर बसतं.