झडती

त्या हिवाळ्याआधी ते नुसतं टेबल होतं.
त्यावर हरवलेल्या हातमोज्यांची टोपली असायची,
डावे जास्त, उजवे कमी. का, कुणास ठाऊक.

मग वरून पत्र आलं:
सर्वांच्या सुरक्षिततेसाठी सर्वांच्या पिशव्या पाहाव्यात.
'सर्वांच्या' दोन्हीकडे ठळक अक्षरात.

बाहेर उणे एकतीस.
दारात टेबल. टेबलामागे टेस्फाय,
अस्मारा सोडून या प्रेअरीत आलेला,
दुकानादुकानांत ज्याची स्वतःची पिशवी
आधी पाहिली जाते, मग तो.
शेजारी रजिस्टर घेऊन मी.

काय काय निघालं म्हणून सांगू.
इन्सुलिनचं पेन.
फॉइलमध्ये गुंडाळलेला बॅनक, अजून कोमट.
कोर्टाची तारीख लिहिलेला, चार घड्यांचा कागद.
मण्यांचा डबा, जो उघडताना सांडला
आणि आम्ही दोघं गुडघ्यांवर
निळा, निळा, पांढरा वेचत राहिलो
अर्धी दुपार,
त्या बाईची माफी न मागता.
शस्त्र? एकदा एक पेचकस.
तो आमच्याच दुरुस्तीवाल्याचा.

लॅपटॉपच्या बॅगा मात्र वाऱ्यासारख्या आत गेल्या.
मी कुणाला सांगितलं नव्हतं, जाऊ द्या म्हणून.
हाताला कळतं. फार लवकर कळतं हाताला
कुणाला 'या' म्हणायचं आणि कुणाला 'थांबा'.

ॲडेल बिग्नेल दर गुरुवारी यायची,
उत्तरेकडच्या क्री वस्तीतली, आता पुलापलीकडे राहणारी.
सोबत नातू, डेंटन, नऊ वर्षांचा.
त्याच्या दप्तरात आमचंच पुस्तक निघालं, कोल्ह्यांचं.
पावती होती आत. तरी मी म्हणाले,
'एक मिनिट हं, तपासते.'
संगणक हळू होता. अकरा मिनिटं लागली.
मागे रांग. ॲडेल रांगेकडे पाठ करून
कोटाची लावलेली बटणं पुन्हा लावत होती.
मुलगा कंटाळून टेबलाखाली शिरला.

फेब्रुवारीत दारावरच्या यंत्राचा आकडा
निम्म्यावर आला.
हीटरजवळच्या खुर्च्या गरम होत राहिल्या, रिकाम्याच.
बैठकीत कुणी म्हणालं, यंदा थंडी फार.
मी मान हलवली.
इथेच जन्मलेली मी,
थंडीत लोक कुठे जातात ते मला ठाऊक नसावं!

वर्षानं नियम गेला.
दुसरं पत्र आलं, दिलगिरीचं. तीही सर्वांची.
उशिराचा दंडही रद्द झाला, जुना नवा सगळा.

टेबल मुलांच्या खोलीत न्यायचं ठरलं.
पाय काढायला पालथं केलं
तर खाली, कच्च्या लाकडावर, पेन्सिलीनं
एक उंच माणूस. हात फावड्याएवढे. तोंड नाही.
त्याच्या शेजारी चष्मा.
चष्म्यामागे कुणी नाही,
फक्त चष्मा आणि एक वही.

टेस्फाय बराच वेळ बघत राहिला.
म्हणाला, हात बरोबर आलेत.

सुतारानं पॉलिश पेपर काढला होता.
मी नको म्हटलं.
आता मुलं त्याखाली उताणी पडून
आपापलं काहीबाही काढतात. कोल्हाही आहे एक,
पण तो कुणा दुसऱ्याचा.

ॲडेल मागच्या गुरुवारी आली.
दोन वर्षांनी. एकटीच.
डेंटनचं विचारलं तर म्हणाली, मोठा झालाय.
पुढे काही नाही.
हे नंतरचं. आधी ती दारात थांबली,
टेबल होतं बरोबर तिथेच,
आणि पिशवी उघडून पुढे धरली.
आणि माझा हात,
सांगायला नको वाटतं,
माझाही हात पुढे गेला होता.

मधे टेबल नव्हतं.
पिशवीत लोकर होती, सुया,
आणि कोल्ह्यांचं पुस्तक.
पानांतून पावती वर काढून ठेवलेली,
दिसेल अशी.