कृपेचे सात दिवस

हल शहरात, हेसल रोडवर, मासळीच्या गोदीअलीकडे
तीन पितळी गोळ्यांखाली आमचं दुकान.
मी चौदाचा, मिस्टर ट्रॅनमर साठीचे.
सोमवारी बायका नवऱ्यांचे सूट तारण ठेवत,
शनिवारी सोडवून नेत,
रविवारी ते सूट चॅपेलात बसत
आणि सोमवारी परत आमच्याकडे,
गुडघ्यांवर प्रार्थनेच्या चुण्या घेऊन.

चॅपेलात म्हणत, त्यानं आम्हाला सोडवलं.
आमच्याकडे म्हणत, सूट सोडवायचाय.
दोन्हीकडे शब्द एकच, रिडीम.
मला वाटायचं, पाद्रीबुवांनी तो आमच्याच पावतीवरून उचलला असणार.

ट्रॅनमर हसले नाहीत.
मागच्या फळीवर एका शाळामास्तरानं ठेवलेला,
कधीच न सोडवलेला जाडजूड शब्दकोश होता.
विकला नव्हता त्यांनी. जेवता जेवता वाचत,
पानांना हेरिंगचं तेल.
"री म्हणजे परत. एमेरे म्हणजे विकत घेणं.
पण त्याच्याही आधी, नुसतं घेणं.
धक्क्यावरून मासे घेतले म्हणतोस ना, तसं.
पैसे मागाहून आले."

रॅन्सम, म्हणजे पकडलेल्याला सोडवायची खंडणी,
तोही हाच शब्द निघाला.
फ्रान्समधून चालत आला, वाटेत झिजला
खिशातल्या पेनीसारखा.
"म्हणजे पाद्री आणि दरोडेखोर सख्खे भाऊ?"
"चुलत. आणि जिन्यात पाय आपटू नकोस."

अटोन मात्र घरचा.
ॲट आणि वन, कोणीतरी घाईत चिकटवलेले.
दुरावलेल्या दोघांनी एका जागी येणं,
एवढंच म्हणे प्रायश्चित्त.
मॉर्टगेज म्हणजे मेलेलं तारण.
फेडलंस तर सावकाराच्या हातून मेलं,
बुडवलंस तर तुझ्या.
"कोणाचं तरी मरतंच," म्हणाले, आणि पाव बुडवला चहात.

हेटी ब्लेंकिनचा नवरा जॅबेझ आइसलंडच्या पाण्यावर.
तीन आठवड्यांची फेरी, तोवर सूट आमच्याकडे.
ट्रॉलर आली नाही.
चौथ्या आठवड्यात गोदीवर कागद लागला.
शनिवारी ती आली. मी पुडकं काढायला वळलो
तर म्हणाली, "नको. राहू दे."
दर महिन्याला व्याजाचे पैसे ठेवून जायची,
पावती खिशात.
जणू पावती चालू आहे तोवर
कोणीतरी तो सूट घालायचं बाकी आहे.

कायद्यानं मुदत बारा महिने, वर सात दिवस.
त्या सातांना कायदाच म्हणतो, ग्रेसचे.
कृपेचे.
ग्रेस आणि ग्रॅटिस, कोशात एकाच घरचे, फुकट या अर्थाचे.
आमच्या दुकानात फुकट मी काही पाहिलं नव्हतं.

सातव्या दिवशी, दिवे लागल्यावर, ती आली.
सगळे पैसे मोजून गल्ल्यावर ठेवले.
पुडकं तिथंच उघडलं. कापराचा वास.
नवा घेताना बघावा तसा
शिवणीवरून हात फिरवला, अस्तर उलटवलं,
आणि म्हणाली, "एक बटण कमी आहे."

रडली असती तर बरं झालं असतं.

ट्रॅनमर गुडघ्यावर बसले. फळ्यांखाली, पेट्यांमागे,
केरसुणीनं, मग हातानं.
मेणबत्ती धरून मी मागे.
आठ वाजले. बटण नव्हतंच.
मग त्यांनी कात्री घेतली
आणि स्वतःच्या वेस्टकोटाचं दुसरं बटण कापलं.
सूट काळा, बटण तपकिरी.
सुईत दोरा तिनंच ओवला. ते टाके घालत राहिले,
ती बघत राहिली.

मला वहीत नोंद करायची होती.
तारीख, नाव, आकारलेलं व्याज,
शेवटच्या रकान्यात रिडीम्ड.
मी लिहिलं. टाक शाईनं गळत होता.
वर पाहिलं तर ती दारात,
पुडकं न बांधता, सूट दोन्ही हातांवर आडवा,
आणि ट्रॅनमर म्हणत होते,
"बटण जुळत नाही, मिसेस ब्लेंकिन."
"नाही जुळत," ती म्हणाली.