पार्ट उद्या येतो

होटगी रोडला रस्त्याच्या या अंगाला जपानी शोरूम,
त्या अंगाला अमेरिकन, मधे उसाच्या रसाचं गाडं.
नऊ वर्षं मी त्या अंगाला होतो.
निळा शर्ट, खिशाला पेन, छातीवर पट्टी: श्रीशैल.

खरं सांगतो, गाडी दणकट होती.
दार लावलं की धप्प,
ज्वारीच्या कोठीचं झाकण पडावं तसं.
तुळजापूरच्या घाटात बाकीच्या धापा टाकायच्या,
ही नाही.
पण एप्रिलात, त्रेचाळीस डिग्रीत,
थर्मोस्टॅटचं प्लास्टिक तडकायचं,
कूलंट रस्त्यावर, बोनेटमधून वाफ,
आणि पार्ट पुण्यात नसायचा.
चेन्नईत असायचा, बोटीत असायचा,
कधी कधी नुसता कॉम्प्युटरात असायचा.

मी जॉब कार्डावर लिहायचो:
पार्ट उद्या येतो.

अंबादास येमूल, टॉवेलवाले, सोळा माग, एमआयडीसी.
त्यांच्या साडूची गाडी जपानी.
साडू दहा हजार किलोमीटरला एकदा जायचा,
ऑइल बदलून, मशीनचा चहा अर्धा टाकून यायचा.
अंबादास अकरा अकरा दिवस रिक्षानं कारखान्याला.
"तुझा उद्या कुठल्या कॅलेंडरात असतो बे?"
ओरडायचे, मग बसायचे.
बसले की घरचं निघायचं:
धाकटीचं बारावीचं केमिस्ट्री,
रंगवाल्याची उधारी, बायकोची शुगर.
एकदा डबा उघडून अर्धी कडक भाकरी
माझ्या हातावर ठेवली, वर शेंगाचटणी.
मी खाल्ली. पार्ट तेव्हाही आला नव्हता.

मग एका सकाळी कंपनी देश सोडून गेली.
आम्हाला टीव्हीवर कळलं.
बोर्ड उतरवला, भिंतीला अक्षरांची भोकं राहिली.
आता तिथं गाद्यांचं दुकान आहे.
मी रस्ता ओलांडला. रस सुद्धा प्यायलो नाही.

इकडं काम सोपं आहे.
पार्ट मागच्या कपाटात असतो.
चारला देतो म्हटलं की पावणेचारला धुऊन उभी.
गिऱ्हाईक मोबाइलमधून मान वर काढत नाही,
आणि काढावी असं काही घडतही नाही.
संध्याकाळी पुण्याहून फोन जातो त्यांना:
दहापैकी दहा द्या.
देतात. त्यांची नावं मला आठवत नाहीत.

परवा अंबादास आले. केस पांढरे, चष्मा नवा.
पांढरी जपानी चालवून बघितली,
विमानतळापर्यंत जाऊन परत.
"आवाजच करत नाही की रे."
मी म्हटलं, "करणार पण नाही."
उतरून दार लावलं. ठक.
पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं.
ठक.
काही बोलले नाहीत. बुकिंगचा चेक लिहिला.

जुनी एक्स्चेंजला दिली. आमच्या पोरानं
टायर लाथेनं चाचपून जी किंमत सांगितली
ती इथं लिहीत नाही.
मैनोद्दीनभाई मिस्त्रीनं एवढी वर्षं जिवंत ठेवली होती,
कुठल्या कुठल्या गाड्यांचे अवयव घालून,
तो फाटकाशी उभा राहून बघून गेला.

डॅशबोर्डचा कप्पा रिकामा करताना
अंबादासनी रबर लावलेला गठ्ठा माझ्यापुढं टाकला.
"हे तुझं."
जॉब कार्डं. सगळी माझ्या अक्षरात.
पार्ट उद्या येतो. पार्ट उद्या येतो.
चौदा वेळा मोजलं, मग सोडून दिलं.

रात्री घरी उलटी केली तर पाठीवर तेलुगूत आकडे,
डझन, रंग, वजाबाकी,
कडेला एक टॉवेल काढलेला, झालरीसकट.
माझ्या बाकावर बसून
माणूस हे करत होता, अकरा अकरा दिवस.
आणि मला वाटायचं, नुसता वाट बघतोय.

बायको म्हणाली, "रद्दीत टाकू?"
मी म्हटलं, "उद्या."