आवाज बसला

हिंमत बागूलचा अ‍ॅम्प दोघांनी उचलून आणला
मे महिन्यात, दुपारी अडीचला.
जामनेर रोडवर त्या वेळी
कुत्रंसुद्धा दुकानाची फळी सोडत नाही.

"काय व्हयनं?"
"आवाज बशी गया भाऊ. भर हळदमा."

पारोळ्याचा मांडव. पाचशे माणूस नाचतंय
आणि गिटार विहिरीत पडल्यासारखी.
बंद पडली असती तर बरं होतं, म्हणतो.
मुंगीएवढा सूर शिल्लक राहिला
आणि बॅन्जोवाल्या पोराने सांभाळून घेतलं.
तेच लागलंय ह्याच्या जिवाला.

मी विचारलं, आधी खरखर होती?
नव्हती.
लावल्या लावल्या गेला, की तापल्यावर?
तापल्यावर. वीस मिनिटांनी.
वेळ सांगणारा रोगी निम्मा बरा असतो.

आधी वायर बदलली.
लाज वाटते, पण आधी वायरच बदलायची.
कितीतरी लोक नुसत्या वायरीपायी
मला हजार रुपये देऊन गेलेत.
मग मागची दोन भोकं, सेंड आणि रिटर्न,
वीतभर तुकड्याने जोडून पाहिली;
आतल्या पत्तीवर काट चढला
की सूर दारातूनच माघारी फिरतो.
नाही. तसाच कुजबुजतोय.

पाच व्हॉल्व्ह. पाचही पेटलेले.
पेटलेला म्हणजे चांगला, असं नसतं.
शेवटच्या वर्षी वडिलांचे डोळे असेच लख्ख होते
आणि पाणी मागायला ते ताटलीवर चमचा वाजवायचे.

बरणीतल्या कापसातून माझा खात्रीचा व्हॉल्व्ह काढला,
एकेका जागी बसवून पाहिला.
पेन्सिलीच्या उलट्या टोकाने टिचक्या मारल्या.
काही नाही.
हिंमत कळकट टॉवेलने मान पुसत
अ‍ॅम्पकडे बघत नव्हता.

तेवढ्यात दीपनगरची कोळशाची मालगाडी निघाली.
आमच्याकडे ती आधी पायांना कळते,
मग टेबलावरच्या स्क्रूंना,
मग कानाला.
स्क्रू थरथरले
आणि गिटारची सुटी तार, जिला कुणी हात लावला नव्हता,
खोलीभर घुमली.
शेवटचा डबा गेला. पुन्हा मुंगी.

आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत राहिलो.

प्लग काढला. तरी घाई नाही.
कपॅसिटर बंद केल्यावरही तीनशे व्होल्ट धरून बसतात,
रुसलेल्या व्याह्यासारखे.
रेझिस्टर लावून त्यांना हळूहळू उतरवलं,
मीटरवर शून्य पाहिलं, पुन्हा पाहिलं,
डावा हात खिशात घातला.

झाकणाच्या आत पेन्सिलीने दोन नावं.
वर डेस्मंड रोझारियो, गार्ड,
ज्याने इन्स्टिट्यूटच्या नाचात हा वाजवला
आणि पर्थला जाताना विकला.
खाली, दुरुस्त, १४-६-८६,
आणि वडिलांची सही, त्या लांब वेलांटीसकट.

दुसऱ्या व्हॉल्व्हच्या बुडाशी डाख होता.
जाड, गोल, गरजेपेक्षा जास्त कथिलाचा.
ह्यावरून मी त्यांना किती बोललो असेन.
भिंगाखाली त्याच्याभोवती केसाएवढी काळी रेघ:
तापलं की उघडायची,
हादरलं की मिटायची.

नियम असा की जुनं कथील पूर्ण शोषून काढायचं,
मग नवं घालायचं.
मी काढलं.
हिंमतला धुराने शिंक आली.
नवा डाख बारीक घातला,
मग, का कोण जाणे, आणखी थोडं कथील.

वीस मिनिटं थांबलो. पंचवीस.
चहा सांगितला, तो पिऊन झाला.
मग हिंमतने तारेवर हात मारला
आणि शेजारच्या झेरॉक्सवाल्याचं शटर वाजलं.
"आते बोल!" तो म्हणाला, कुणाला ते कळलं नाही.

बिलावर लिहिलं: एक डाख, दोनशे.
निदान मालगाडीचं होतं,
त्याचे लावले नाहीत.