क्रमांक सत्त्याऐंशी

माघातली गोष्ट. खानापुरात धुकं
रेल्वे फाटकापर्यंत येऊन थांबायचं,
आणि आम्ही, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची पोरं,
पर्यावरण नावाच्या सक्तीच्या विषयापायी
शिंप्याचा टेप घेऊन झाडं मोजायचो.
छातीच्या उंचीला घेर घ्यायचा असतो.
कुणाच्या छातीच्या, असं विचारलं तर
निलजकर सर म्हणाले, माझ्या.
सर बुटके. म्हणून आमच्या कॉलेजची झाडं
वहीत जरा जास्तच जाड आहेत.

जोडीला शिवलीला हडिमनी.
ती तिकडून नाव सांगायची, मी इकडून लिहायचे.
नेरळे, जांभूळ. मत्ती, ऐन. होन्ने, बिबला.
दोनशे बारा झाडांत आमचं भांडण एकदाच झालं,
तेही टेप कुणी गुंडाळायचा यावरून.

पाट्यांचं मात्र ऑफिसात दोन दिवस चाललं.
वर कुठली भाषा, खाली कुठली,
कुणाचं अक्षर किती बोटं मोठं.
एक जण उठून गेला, एकाने चहा नाकारला.
शेवटी प्राचार्यांनी डोळे मिटून सांगितलं,
लॅटिन लिहा.
लॅटिनसाठी अजून कुणी बस अडवलेली नाही.

पत्र्याच्या पाट्या आल्या, पांढऱ्यावर हिरवं.
बांधायच्या सुतळीनं, खिळा मारायचा नाही,
हा सरांचा नियम.
भरमाण्णा माळी एकेक हातात घेऊन उलटीपालटी करायचा.
"हे कुणाचं नाव गे?"
"झाडाचंच की मामा."
"त्याला ठावं हाय काय?"

सत्त्याऐंशीपाशी आम्ही रेंगाळलो.
सायकल स्टँडच्या मागे, कुंपणाला लागून,
पान एक नाही, साल सोलून सोलून
अंग उघडं, फिकट, तापातून उठल्यागत.
मी म्हटलं, नाणा.
ती म्हणाली, नंदी.
पाटीवर लॅगरस्ट्रोमिया मायक्रोकार्पा,
जे सरांनाही एका दमात येत नव्हतं.
घेर एकशे चौसष्ट.
मी सुतळीची गाठ सोडवत होते तेवढ्यात तिनं
खोडाला तोंड लावलं, हाताचा आडोसा केला
आणि काहीतरी पुटपुटली,
देवळात नंदीच्या कानात सांगतात तसं.
"काय सांगितलंस?"
"सांगितलं की होत नाही ते."

शुक्रवारी समिती यायची होती, हरित परिसर तपासायला.
गुरुवारी रात्री मांडववाले आले.
सकाळी बघतो तर कुंपणाशी सपाट जमीन,
पाणी मारलेलं, वर रांगोळीचा मोर,
मोराच्या पिसाऱ्यावर तीन गाड्या उभ्या.
मांडववाला म्हणाला, मेलेलंच होतं की ते.
भरमाण्णा म्हणाला, "झोपलं हुतं. चैतात उठतंय दरसाल."
एवढंच. मग तो पाहुण्यांसाठी
शहाळी सोलायला गेला.

भाषणं झाली. कापडी पिशव्या वाटल्या,
प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या.
मी सरांना विचारलं, अहवालात दोनशे अकरा करू?
सर कितीतरी वेळ चष्मा पुसत राहिले.
छापून झालंय गं, म्हणाले.
आणि थोड्या वेळानं, जवळ येऊन,
वहीत कर.

पाटी भरमाण्णाच्या खोलीत आहे,
माठावर झाकण म्हणून.
पाणी प्यायचं तर ती उचलावी लागते,
आणि तो दर वेळी ती मोठ्यानं वाचतो. चुकीची.

शिवलीलाला मी पुन्हा विचारलं नाही.
खोड लोंढ्याच्या वखारीत गेलं म्हणतात.
तिथे कुणी त्याच्या फळ्या पाडत असेल
आणि करवत मध्येच कुठे अडली असेल
तर आत खिळा आहे असं समजून
आम्हाला शिव्या देत असेल.