विषय क्रमांक चार

सभेचं इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे,
कारण रसायनशास्त्राच्या बाईचं अक्षर सुवाच्य असतं
असा चिआतुरातल्या आमच्या शाळेत एक समज आहे.
खिडकीच्या चौकटीवर मँगनीजची काळी पूड,
पुसली तरी दुपारपर्यंत पुन्हा बसते,
आणि टेबलावर विषय क्रमांक चार :
गुरुवारचा संगीताचा तास गणिताला द्यावा काय.

मुख्याध्यापिका लामारा यांनी चष्मा काढला,
म्हणजे मत आधीच ठरलेलं.
व्यायामाचा अवतंदिल म्हणाला, गाणाऱ्या पोरांची छाती रुंद होते,
त्यानं स्वतः टेप लावून पाहिलंय.
भाषेच्या त्सियालाबाई म्हणाल्या,
ज्या पोराला वाक्यातला स्वल्पविराम दिसत नाही
त्याला गाण्यात श्वास कुठे घ्यायचा ते विचारा, बिनचूक सांगतो.
कुणी म्हणालं, पियानोच्या सात पट्ट्या मुक्या आहेत,
जुळवायला कुतैसीहून माणूस येतो, त्याचं भाडं कोण देणार?
कुणी म्हणालं, गाणं घरी आहेच की,
लग्नात आहे, मयताला आहे, द्राक्षं तुडवताना आहे,
शाळेनं पुन्हा काय शिकवायचं,
माशाच्या पिल्लाला पोहणं?

मी सगळं लिहीत होते.

ज्यांचा तास, त्या नाझिब्रोलाबाई
शाल आवळून रेडिएटरपाशी.
वय एकसष्ट, त्यातली अडतीस वर्षं याच इमारतीत.
बाजू मांडा म्हटलं तर म्हणाल्या,
"सहामाहीला मी दहापैकी गुण देते.
ज्याला गुण देता येतात तेवढंच गाणं माझ्या तासाला होतं.
तेवढं गेलं तर मी रडणार नाही."

मग गुराम उठला. गणिताचा.
आम्हाला वाटलं, आता टक्केवारी येणार.
त्यानं खिशातून खडू काढला, पाहिला, परत ठेवला.
"आठ वर्षांचा होतो. तपासणी होती.
मला सांगितलं, तू गाऊ नकोस, नुसते ओठ हलव.
हलवले.
तेव्हापासून हलवतोच आहे.
स्वतःच्या लग्नात हलवले.
वडिलांना मातीत ठेवलं तेव्हा
भाऊ वरचा आवाज, काका मधला,
खालचा खर्ज माझा, घराण्यानं माझ्यासाठी राखून ठेवलेला.
मी ओठ हलवले.
म्हणून म्हणतो, तास गणिताला द्या.
चुकलेलं उत्तर तोंडातल्या तोंडात ठेव
असं गणितात मी अजून कुणाला सांगितलेलं नाही."

रेडिएटरमध्ये पाणी गुरगुरलं.
त्याच्याकडे न बघता नाझिब्रोलाबाई म्हणाल्या,
"तिसरी रांग. खिडकीकडून दुसरा.
त्या हिवाळ्यात वीज नव्हती, मेणबत्त्या लावल्या होत्या,
निरीक्षक हातमोजे न काढता बसले होते.
चार महिने पगार नव्हता.
हे कारण नाही.
नुसतं सांगते."

इतिवृत्तात मी लिहिलं : चर्चा झाली.
निर्णय पुढील सभेत.

संध्याकाळी दोरमार्गाच्या डब्यात आम्ही तिघंच.
मधोमध तो थांबला, थांबतो कधी कधी.
खाली काळपट क्विरिला,
वर वाऱ्यात तार घुमत होती,
एकच सूर, जाड, कुठे न तुटणारा.
बाई म्हणाल्या, "हा. हा तुझा होता."

गुराम काही बोलला नाही.
मी खाली नदीकडे पाहत राहिले.
अक्षर सुवाच्य असलेल्या माणसानं
काही वेळा पाहू नये.
धक्का बसला, डबा पुढे सरकला,
वारा पडला होता,
आणि अजून जे घुमत होतं ते तारेचंच होतं की कसं,
मला खात्रीनं लिहिता येणार नाही.